साहेबांसाठी स्थळ पाहिजे

बहिणीसाठी स्थळ शोधणं, मुंबईत भाड्याची जागा शोधणं आणि मोठ्या कुत्र्यासाठी घर शोधणं, या तिन्ही उद्योगांचा मला अनुभव आहे. त्यांत तिसरा सर्वांत अवघड. बहिणीच्या वेळी निदान उमेदवाराची उंची कमी करून सांगावी लागली नव्हती.

आमचे उमेदवार जातीने ग्रेट डेन. नाव डेन्मार्कचं, घराणं जर्मनीचं आणि मुक्काम नायगावातल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली. पावसाळ्यातल्या एका रात्री कुणीतरी त्यांना पाण्याच्या पाइपाला बांधून निघून गेलं. डॉक्टरांकडे वजन केलं तर भरले ४२ किलो. या जातीचा वाढलेला नर ५५ किलोंच्या आत सहसा नसतो. म्हणजे निदान तेरा किलो कुत्रा कुणीतरी स्वतःकडेच ठेवून घेतला होता.

त्यांचं ‘साहेब’ हे नाव आपोआप पडलं. ते दिसले की जिन्यावर बसलेली माणसं उठून उभी राहत, आणि ते नेमकं काय काम करतात हे कुणालाच सांगता येत नसे. बँकेत अशा व्यक्तीला दुसरं नाव नाही.

साहेबांना तीन गोष्टींची भीती : केरसुणी, छत्री आणि दुकानाच्या शटरचा आवाज. आता नायगावात, तेही जुलै महिन्यात, या तीन गोष्टी टाळून कुठे जाणार? छोटं कुत्रं थरथरलं की बायका त्याला पदराखाली घेतात. साहेब थरथरले की जिना रिकामा व्हायचा. मोठ्या देहाचं हेच दुःख, त्याच्या भीतीचीही लोकांना भीती वाटते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘सदर जनावर त्वरित हलवावे’ अशी नोटीस लावली. रात्री साडेदहाला तेच सदर जनावराला बिस्किटं घालताना सापडले, ही गोष्ट वेगळी.

जनावर टाकून देणाऱ्याला शिक्षा काय, म्हणून मी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढून वाचला. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा रुपये, कमाल पन्नास! आजही तेवढाच. खात्यात किमान शिल्लक ठेवली नाही तर बँका याहून जास्त कापतात. ४२ किलोंचा जीव पन्नास रुपयांत, म्हणजे किलोला सव्वा रुपयाच्या आत. या भावात दादरच्या बाजारात कोथिंबिरीची काडी मिळत नाही.

वास्तविक कुत्र्यांसाठी मुंबईने पूर्वी पुष्कळ केलं आहे. १८३२ साली कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी मंडळींनी फोर्टात दुकानं बंद करून दंगल केली होती. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान. पुढे १८७४ साली प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत निघाली आणि तिचं परळचं पशुरुग्णालय आजही बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने उभं आहे. त्या मानाने माझी मागणी किरकोळ होती. दंगल नको, इस्पितळ नको, एक घर द्या.

अर्ज पुष्कळ आले. वीस वर्षं मी कर्जाचे अर्ज तपासतो आहे. कागद छान असला की मला आधी संशय येतो. पहिले गृहस्थ कर्जतकडच्या फार्महाऊसचे मालक. “दोन एकर जागा आहे!” म्हणाले. “आणि साहेब राहणार कुठे?” “गेटपाशी. साखळी चांगली वीस फुटी आहे!” दोन एकरांतले वीस फूट मंजूर करणारा हा माणूस आमच्या कर्जविभागात शोभला असता. दुसरं जोडपं परळला गिरणीच्या जागेवर झालेल्या टॉवरमधलं. घर बाराशे चौरस फूट. दोघं सकाळी आठला बाहेर पडणार, रात्री नऊला येणार. कुत्रा मुलाच्या वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून हवा होता आणि सोफ्याचा रंग करडा असल्यामुळे साहेबांचा रंग त्यांना पसंत होता. तिसऱ्याला नुसती जोडी जमवून पिल्लं विकायची होती.

सगळ्यांचे प्रश्न तेच. भुंकतो का? चावतो का? खातो किती? आणि विचारलं नसताना प्रत्येकाने मला आपल्या जागेचं क्षेत्रफळ सांगितलं.

आता क्षेत्रफळाचं कौतुक मला कुणी सांगू नये. माझं बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. त्या चाळी १९२० च्या दशकातल्या. एका इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आम्ही सात माणसं, शिवाय परीक्षेला, मुलाखतीला आणि औषधोपचाराला गावाहून आलेले पाहुणे. जागा फुटांनी वाढत नाही, वाचकहो. कुणी आलं की आधीची माणसं थोडी सरकून बसतात, म्हणून वाढते. मला साहेबांसाठी सरकून बसणारं माणूस हवं होतं आणि त्याचा रकाना कुठल्याही अर्जात नव्हता.

दोन महिन्यांनी भोईवाड्यातून एका बाईंचा फोन आला. सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या सिस्टर. एकट्याच राहतात, तळमजल्यावर, दीड खोलीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “घाबरतो कशाला?”

मी यादी वाचून दाखवली. आम्ही गेलो तेव्हा छत्री आणि केरसुणी दोन्ही कपाटामागे गेल्या होत्या. “साहेब, आत या,” त्या म्हणाल्या. मी आत गेलो. साहेब उंबऱ्याबाहेरच राहिले.

“बोलावू नका हो त्याला,” सिस्टर म्हणाल्या. “वॉर्डात नवीन पेशंट आला की आधी त्याला भिंती बघू द्यायच्या.” आणि त्या दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसल्या. पहिले काही दिवस थाळी बाहेर ठेवली, मग उंबऱ्यावर, मग वीतभर आत. नवव्या दिवशी पुढचे दोन पाय घरात आले. पुढे आठवडाभर अर्धे साहेब घरात आणि अर्धे चाळीत. येणारेजाणारे शेपटी ओलांडून जात. सिस्टरांनी एकदाही ओढलं नाही.

कागदपत्रं करताना मी अटी वाचल्या. महापालिकेचा परवाना काढायचा. जेवण दोनदा, थोडं थोडं. जेवल्यावर पळवायचं नाही, या जातीच्या पोटाला पीळ पडून जीव जाऊ शकतो. शेवटची गोष्ट सांगताना मात्र घसा साफ करावा लागला. एवढ्या मोठ्या कुत्र्यांना आयुष्य सात ते दहा वर्षांचंच असतं आणि डॉक्टरांच्या अंदाजे यांची चार सरली होती.

“म्हणजे राहिली चार-पाच,” सिस्टर म्हणाल्या. “माझीही तेवढीच धरा. जमतोय की हिशेब!”

“आणि नाही जमला तर? तुम्ही आधी…” पुढचं मला बोलवेना. बँकेत हाच प्रश्न मी दिवसातून दहादा विचारतो, पण तिथे समोर फॉर्म असतो.

“त्यासाठी तुमच्यात काहीतरी असतं ना? नॉमिनी?”

मी खाली एक ओळ वाढवली आणि माझं नाव लिहिलं. बायकोने त्या रात्री आमच्या हॉलमधलं टीपॉय न बोलता भिंतीला सरकवून पाहिलं.

साहेब आता ५९ किलो आहेत. शटर वाजलं की अजून उठतात, पण सिस्टरांकडे एकदा बघून पुन्हा बसतात. परवा मी त्यांना भेटायला दुपारी तीनला गेलो, तर सिस्टरांनी दार बोटभर उघडलं.

“दोन ते चार झोपतात ते. चारनंतर या.”

वीस वर्षं गिऱ्हाइकांना ‘लंच टाइम!’ म्हणून खिडकी बंद करणारा मी, तासभर भोईवाड्याच्या त्या चाळीत शांतपणे उभा राहिलो. आतून घोरण्याचा आवाज येत होता.