तंदूर नसताना नान

तंदूर नाही म्हणून नान हॉटेलातच खायचा, हे मला पटत नाही. तंदूरची करामत मातीपेक्षा उष्णतेत आहे. 400 अंश सेल्सियसच्या आसपास तापलेली भिंत नानची एक बाजू भाजते, दुसरीला निखाऱ्यांची धग लागते. दीड-दोन मिनिटांत काम उरकतं, म्हणून आतला ओलावा टिकतो. लोखंडी तव्यावरही हे साधतं. एका बाजूला पाणी लावून नान कडकडीत तव्यावर चिकटवायचा, वर फुगे आले की तवाच आचेवर उपडा धरायचा. नॉनस्टिक इथे कुचकामी: नान चिकटतच नाही, सरळ बर्नरवर पडतो, शिवाय एवढ्या आचेत तव्याचा थर बिघडतो.

धुराचा वास कुठून आणणार, असं कुणी विचारेल. पण तो वास बराचसा निखाऱ्यांवर ठिबकणाऱ्या कबाबच्या चरबीचा. झटपट बाहेर निघणाऱ्या नानला त्यातला कितीसा लागणार? तंदुरी चव म्हणतात ती मुख्यतः करपलेल्या ठिपक्यांची, आणि ते गॅसवरही पडतात. (भाकरी आचेवर फुगवणाऱ्या घरांत हे सांगावं लागतं, हीच गंमत.) आक्षेप खरा ठरतो तो इंडक्शनवर, कारण तिथे ज्योतच नाही. मग तवा ओव्हनच्या तापलेल्या ग्रिलखाली सरकवावा.