इंग्रजीतला समुद्र आणि आपली खाडी

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी मराठी शाळेत शिकल्या आणि मुलं मात्र इंग्रजी माध्यमात. मुलाने वाक्प्रचारांचं पान पुढे केलं, की 'बाबांना विचार' म्हणून आपण पोळ्यांकडे वळतो. असं चार वेळा झालं, की मूल आपल्याला विचारायचंच सोडून देतं. ते मला बोचायचं. म्हणून समुद्रावरचे वाक्प्रचार मीच शिकवायला घेतले. अंधेरी-बोरिवलीकडे राहणाऱ्या आपल्याला भरती-ओहोटी काय नवी आहे?

'हाय अँड ड्राय'चंच बघा ना. ओहोटीला गोराईच्या खाडीत काठालगतची होडी चिखलात टेकते. पाणी निघून जातं, ती तिथेच राहते. अडचणीत कुणी असं टाकून गेलं, की इंग्रजीत हा शब्दप्रयोग करतात. आपण म्हणतो, 'वाऱ्यावर सोडलं.' हे सांगितल्यावर आमची धाकटी लगेच म्हणाली, "म्हणजे खेळ संपल्यावर सगळ्या पळाल्या आणि पसारा मला एकटीला आवरावा लागला, तसं?" अगदी तसंच!

'लर्न द रोप्स' म्हणजे दोर शिकणं. शिडाच्या जहाजावर दोरच दोर. कोणता ओढला की कोणतं शीड हलतं, हे नव्या खलाशाला आधी शिकावं लागे. त्यावरून, कामाची रीत समजून घेणं. नव्या सुनेला कोणत्या डब्यात काय, पाणी किती वाजता येतं, हे कळून घ्यावं लागतं, तेच हे दोर!

माझा आवडता 'टाइड ओव्हर'. वारा पडला, की खलाशी भरती-ओहोटीच्या ओढीवर जहाज पुढे नेत. म्हणून, अडचणीची वेळ निभावून नेणं. महिनाअखेरीला घर चालवणाऱ्या बाईला हा अर्थ पाठ करावा लागेल का?

दोन ठिकाणी मात्र जपा. 'टाइम अँड टाइड' या म्हणीतलं 'टाइड' मुळात भरती नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वेळ, काळ असाच होता. आणि 'बॉम्बे डक' म्हणजे बदक नव्हे, वेसाव्याला बांबूंवर टांगून वाळवतात ते आपले बोंबील बरं का!

तेव्हा पुढच्या सुट्टीत ओहोटीची वेळ बघून मुलांना खाडीवर न्या. उच्चार हवा तर त्यांनी आपल्याला शिकवावा, अर्थ आपण सांगू.