काजूच्या माहेरची शाळा

लेकीच्या घरी चार दिवस राहून यायचे म्हणजे पूर्वी फार तर एस.टी.चा प्रवास असे. आमच्या लेकीने मात्र आम्हां उभयतांना तीन विमाने बदलायला लावली आणि एक महासागर ओलांडायला लावला. जावईबापू पवनचक्क्यांच्या कामावर ब्राझीलच्या ईशान्येकडील सिआरा राज्यात आहेत. त्या राज्याची राजधानी फोर्तालेझा, म्हणजे ‘गढी’. विषुववृत्ताच्या जेमतेम चार अंश दक्षिणेला असलेले हे समुद्रकाठचे शहर आहे. नारळाची झाडे, खारा वारा आणि रापलेल्या चेहऱ्यांचे कोळी पाहून मला वाटले, आपण रत्नागिरीलाच उतरलो की काय!

सौ.ला काळजी होती ती उपासांची. लेकीने पहिल्याच सकाळी तव्यावर पांढरेशुभ्र धिरडे घालून तिच्यापुढे ठेवले. “आई, हा तापिओका. आपला साबुदाणा होतो ना, त्याच कंदाचे हे पीठ.” सौ.ने ते धिरडे दोनदा उलटून पाहिले आणि एकादशीला चालेल असा निकाल दिला. पुढे बाजारात गेलो तर काजूच्या बोंडूंचे ढीगच्या ढीग. काजू मूळचा इकडचाच. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्याला आणला आणि कोकणाने त्याला घरजावई करून घेतले. इकडे बी विकतात ती बाहेरच्यांना. घरच्यांना आवडतो तो बोंडूचा रस.

काजूबरोबर शब्दही आले. बटाटा, पाव, साबण, बादली, पगार हे सारे आपण पोर्तुगीजांकडून घेतले. चावीसुद्धा! इकडे तिला ‘शावी’ म्हणतात. या एका शब्दासाठीच हा लेख लिहितो आहे.

मी एका सहकारी बँकेत चौतीस वर्षे काढली. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांत केस पांढरे झाले. लेक संगणकाची इंजिनियर. दर शनिवारी दुपारी ती शहराच्या दक्षिण टोकाच्या एका गरीब वस्तीत ‘ब्लॉकचेन’ शिकवायला जाते. पहिल्या शनिवारी मी तिला म्हणालो, “अगं, ज्या सट्ट्यात लोकांचे संसार बुडाले, तोच धंदा तू गरिबांच्या मुलांना शिकवतेस?” ती रागावली नाही. “बाबा, एकदा चला माझ्याबरोबर. मग बोला.”

त्या वस्तीचे नाव कोंझुंतो पाल्मेइरास. १९७३ पासून समुद्रकाठच्या झोपड्या उठवून तिथल्या लोकांना या दलदलीच्या माळावर आणून टाकले. पाणी नाही, वीज नाही, गटारे नाहीत. लोकांनी संघटना बांधली, भांडून सोयी मिळवल्या, सांडपाण्याच्या निचऱ्यासाठी स्वतःही राबले. पण सोयी आल्या तशी त्यांची बिलेही आली. ती भरवेनात म्हणून लोक घरे विकून जाऊ लागले. तेव्हा संघटनेने घरोघर जाऊन विचारले, की आपला पैसा जातो तरी कुठे? उत्तर मिळाले, की बहुतेक सारा वाणसामान आणि कपडालत्ता यांच्या पायी वस्तीबाहेर जातो. मग जानेवारी १९९८ मध्ये २,००० रेआल उसने घेऊन त्यांनी ‘बांको पाल्मास’ नावाची स्वतःची बँक काढली. कर्जाला तारण नव्हते. शेजाऱ्यांना विचारायचे, माणूस कसा आहे? तेच तारण. पुढे त्यांनी ‘पाल्मा’ नावाचे चलनही काढले. एका पाल्माची किंमत एक रेआल, मात्र ते चालायचे वस्तीतल्या दुकानांतच. आता अशा वस्ती-बँका ब्राझीलभर शंभरावर आहेत आणि त्यांचा व्यवहार मोबाइलवरूनही चालतो.

हे ऐकून माझ्यातला जुना बँकवाला जागा झाला. तारणावाचून कर्ज द्यायला आमच्या संचालक मंडळाने किती खळखळ केली असती!

शाळा भरते ती वस्तीतल्या एका साध्या सभागृहात. पत्र्याचे छप्पर, दोन पंखे, आणि विसेक मुलेमुली. दोघांत मिळून एक जुना संगणक. सभागृहाची किल्ली एका साठीच्या बाईंकडे असते. त्यांना सारे ‘तिया’ म्हणतात. तिया म्हणजे मावशी. त्या कुलूप उघडतात, कॉफीचे भांडे मांडतात आणि मागच्या बाकावर विणकाम घेऊन बसतात. मला त्यांच्या शेजारी जागा मिळाली.

लेकीने त्या दिवशी संगणक उघडलेच नाहीत. पाच मुलांना तिने पाच वह्या दिल्या आणि वर्गातल्या देवघेवी मोठ्याने सांगितल्या. पाचांनी त्या उतरून घेतल्या. पान भरले की त्यावरच्या आकड्यांतून एका ठरावीक रीतीने एक खुणेचा आकडा काढायचा आणि तो पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहायचा. मी मनात म्हटले, हे तर आपले ‘मागील पानावरून पुढे’! मग तिने एका मुलाला गुपचूप मागच्या पानावरचा आकडा बदलायला सांगितले. त्याने बदलला मात्र, त्याच्या पुढच्या साऱ्या पानांच्या खुणा चुकल्या आणि बाकीच्या चौघांनी त्याला पकडला. वर्गात हशा पिकला. ब्लॉकचेन म्हणजे एवढेच. वही एकाच्या कपाटात नाही. तिच्या प्रती हजारो यंत्रांवर आहेत आणि प्रत्येक पानावर मागच्या पानाचा ठसा आहे. या खात्यात सही करायची ती चावीने. चावी म्हणजे एक भलीमोठी गुप्त संख्या.

इथेच खरी अडचण आली. ब्राझीलमध्ये नोव्हेंबर २०२० पासून ‘पिक्स’ नावाची पैसे पाठवण्याची सोय आहे, आपल्या यूपीआयसारखी. पिक्सवर तुमचा जो पत्ता असतो, म्हणजे फोन नंबर किंवा असेच काही, त्यालाही ‘शावी’च म्हणतात. भाजीवालासुद्धा आपली शावी पुठ्ठ्यावर लिहून टांगतो. तेव्हा एका चष्मेवाल्या मुलीने विचारले, “ही शावी दुकानावर लिहून लावायची ना?”

लेक एकदम गंभीर झाली. तिने फळ्यावर दोन चित्रे काढली, दाराचा नंबर आणि दाराची किल्ली. पिक्सची शावी म्हणजे दाराचा नंबर. साऱ्या गावाला सांगा. ही शावी म्हणजे किल्ली. सख्ख्या भावालाही देऊ नका. आणि हरवली तर नवी करून देणारी खिडकी कुठेही नाही. मग तिने प्रत्येकाकडून हे त्याच्या स्वतःच्या शब्दांत वदवून घेतले.

परत येताना मी विचारले, “हे सारे फिती पाहून घरबसल्या शिकता येत नाही का?” ती म्हणाली, “बाबा, बहुतेक फिती इंग्रजीत असतात. आज्ञावलीची भाषाही इंग्रजीवरूनच घेतलेली. या मुलांच्या फोनमधले पैसे महिन्याच्या मध्यावर संपतात. पण ते एक वेळ सोडून द्या. आज शावीचा जो घोटाळा झाला, तो फितीला कळला असता का? ती मुलगी घरी एकटी असती तर तिने विचारलेच नसते आणि किल्ली दारावर टांगली असती.”

ती चष्मेवाली मुलगी दिवसा एका मोठ्या दुकानात पैसे घेण्याच्या खिडकीवर असते. तिचे शिकणे आईला पसंत नाही. कारणही तसेच आहे. ‘बिटकॉइन’मध्ये दरमहा ठरलेले व्याज देतो म्हणून एका गोडबोल्या गृहस्थाने त्यांच्या गल्लीतून पैसे गोळा केले आणि तो नाहीसा झाला. असे प्रकार त्या देशात पुष्कळ झाले. रिओ राज्यातल्या काबो फ्रिओ गावचे दरमहा दहा टक्क्यांचे प्रकरण २०२१ मध्ये देशभर गाजले. आपल्याकडेही दामदुपटीला भुलून पुंजी गमावलेली घरे कमी नाहीत. ती मुलगी मला म्हणाली (लेकीने अर्थ सांगितला), “आईला फसवले ते आम्हांला काही कळत नव्हते म्हणून. घरात एकाला तरी कळायला हवे.” यावर बोलायला माझ्याजवळ काही नव्हते.

तिसऱ्या शनिवारी मुलांनी संगणकावर भिशी तयार केली. होय, भिशीच! इकडे तिला ‘काइशिन्या’ म्हणतात, म्हणजे छोटी पेटी. दरमहा प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकेकाने उचलायची. नियम एकदा आज्ञावलीत लिहिला की यंत्र तो आपोआप पाळते. पैसे अर्थात लुटुपुटीचे. शिकाऊंसाठी तसे वेगळे जाळेच असते. एका मुलाने मोठ्या ऐटीत दाखवले, की हप्ता एक दिवस चुकला की दंड, दुसऱ्यांदा चुकला की नाव बाद. “कुणाच्या विनवण्या नाहीत की वशिला नाही!”

मागच्या बाकावरची विणकामाची सुई थांबली. तिया वस्तीत वीस वर्षे भिशी चालवतात. त्यांनी विचारले, “आणि मूल आजारी पडले म्हणून हप्ता चुकला तर?”

“नियम म्हणजे नियम, तिया.”

“मी तिच्या दाराशी जाते आणि काय झाले ते विचारते. तुझे यंत्र कुणाच्या दाराशी जाते?”

वर्ग चिडीचूप झाला. मलाही माझी चौतीस वर्षे आठवली. कितीदा तरी थकबाकीदाराच्या नावापुढे शेरा मारण्याआधी मी त्याला बोलावून चहा पाजला होता आणि कर्ज वसूल झाले होते. कितीदा तरी त्याच चहापायी बँक बुडाली होती. दोन्ही खरे.

लेकीने तियांना पुढे बोलावून घेतले. तासभर वाद झाला. शेवटी मुलांनी नवी कलमे घातली. हप्ता चुकला तर सात दिवस काहीच करायचे नाही. सभासदांपैकी निम्म्यांहून अधिकांनी आपापल्या चावीने होकार दिला तर मुदत वाढवायची. आणि पेटी उघडायला तिघा विश्वस्तांपैकी दोघांच्या चाव्या लागाव्यात. हे शेवटचे कलम मी सुचवले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आमच्या बँकेतल्या लॉकरला दोन चाव्या असत, एक आमची आणि एक गिऱ्हाइकाची. ती युक्ती या मंडळींनी आधीच शोधून ठेवली आहे, असे मागाहून कळले. असो.

त्याच वर्गात आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊचा एक शिडशिडीत मुलगा होता. तो रेदेंसांव या गावी शिकतो. रेदेंसांव म्हणजे मुक्ती. सिआरातल्या नावाड्यांनी १८८१ मध्ये गुलामांना आपल्या तराफ्यांवरून जहाजापर्यंत पोचवायचे साफ नाकारले. या गावाने १८८३ च्या आरंभी आपले गुलाम सोडले, पुढच्या वर्षी साऱ्या सिआराने, आणि उरलेल्या ब्राझीलने १८८८ मध्ये. त्या गावात आता पोर्तुगीज बोलणाऱ्या आफ्रिकी देशांतल्या मुलांसाठीही विद्यापीठ आहे. शनिवारी पहाटे उठून, बस बदलत हा मुलगा वर्गाला येतो.

मी भारतातला आहे हे कळताच तो हसून म्हणाला, “म्हणजे आमचे काजू तुम्हीच खाता!” त्याच्या देशाची निर्यात म्हणजे मुख्यतः कच्चा काजू, आणि त्याचा मोठा भाग भारतात सोलायला येतो. त्याची आई काजू गोळा करून विकते. कधी बदल्यात तांदूळ घेते. वजन व्यापाऱ्याच्या काट्यावर होते आणि वहीही व्यापाऱ्याचीच. आईजवळ कागदाचा चिटोराही नसतो. प्रत्येक पोत्याची नोंद दोघांच्या सहीने अशा वहीत व्हावी, की मागाहून कुणालाही ती खोडता येऊ नये, हे त्याचे स्वप्न.

मी म्हटले, “पण बाळ, काटाच खोटा असला तर? खोटे वजन तुझ्या वहीत कायमचे राहील. ते खोडताही येणार नाही.”

त्याने थोडा विचार केला. “म्हणून तर गावात राहून शिकवावे लागेल. काटा तपासायला माणूस हवा, आणि आईला वाचता यायला हवे.”

वीस-बावीस वर्षांचे पोर! यंत्राकडून काय होईल आणि काय होणार नाही, हे त्याला माझ्याआधी कळले होते. लेकीशी मी घातलेला वाद तिथेच संपला. सट्टा शिकवीत नव्हती ती. वही कशी लिहितात आणि कशी तपासतात, एवढेच शिकवीत होती. आजवर हे लोक दुसऱ्याच्या वहीत नावे पडण्यापुरतेच होते. त्यांतल्या दहांनी जरी वही हातात घेतली, तरी गल्लीत येणाऱ्या गोडबोल्याला विचारायला दहा माणसे झाली. नोकऱ्या किती जणांना लागतील, कोण जाणे. चष्मेवालीने मात्र एका कचेरीत अर्ज केला होता आणि रोज फोनकडे पाहत होती.

आम्ही निघालो तो दिवाळीच्या आधीचा शनिवार. सौ.ने तापिओकाच्या पिठात गूळ घालून काहीतरी गोड केले होते, चकल्याही होत्या. मुलांनी डबा फस्त केला. दिवेलागणीला तियांनी सभागृहाला कुलूप घातले, पण किल्ली नेहमीप्रमाणे कमरेला खोचली नाही. पुढच्या आठवड्यात त्या बहिणीकडे जाणार होत्या. किल्ली त्यांनी चष्मेवालीच्या हातात ठेवली आणि काहीतरी बजावले. साऱ्या वर्गात हशा उसळला.

“काय म्हणाल्या?” मी लेकीला विचारले.

“म्हणाल्या, ही शावी दारावर टांगू नकोस हं!”