आटे विसरलेला टर्नर

‘आयटीआयच्या पोरांना काही येत नाही.’ शिरोली एमआयडीसीत चहाच्या टपरीपासून असोसिएशनच्या सभेपर्यंत कुठेही हे वाक्य टाका, माना डोलतात. मी तर ते आयटीआयच्याच कार्यालयात, त्यांचाच चहा पीत म्हणायचो. जिल्ह्यातल्या एका सरकारी आयटीआयच्या व्यवस्थापन समितीवर मी उद्योगांचा प्रतिनिधी होतो.

केंद्राच्या २००७-०८च्या योजनेत अशा समित्यांना अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळे. अध्यक्ष उद्योगातला, सचिव प्राचार्य. २० टक्क्यांपर्यंत प्रवेश समितीनं ठरवायचे. एवढं हातात आल्यावर मी केलं काय, तर सीएनसी लेथ घ्यायला लावला. कंट्रोलरसुद्धा माझ्या शॉपमध्ये आहे तोच हवा म्हणून अडून बसलो. पोरं तयार होऊन थेट माझ्याकडे यावीत, हा हिशेब. नारळही मीच फोडला.

मशिन आलं. पण इन्सर्ट, कूलंट, कापायला बार कुठून येणार, हे मी विचारलंच नव्हतं. निदेशक जपून जपून मशिन चालवायचे आणि बराचसा सीएनसी फळ्यावर शिकवायचे. इकडे माझे ऑपरेटर इन्सर्टच्या चारपैकी दोन धारा वापरून झाल्या की तो डब्यात टाकत. डबा भरला की कार्बाइडच्या भावानं भंगारात. रॉडचे तुकडे किलोवर. हे आयटीआयला चालेल, असं डोक्यातच आलं नाही.

अप्रेंटिसच्या बाबतीत मी याहून वाईट वागलो. १९६१च्या कायद्यानं ते घेणं भागच होतं. २०१६नंतर विद्यावेतनाचा पाव हिस्सा, दरमहा दीड हजारापर्यंत, केंद्राकडून मिळू लागला, तेव्हा तर मला ते परवडायलाही लागले. टर्नर ट्रेड पास झालेला एक मुलगा आला, त्याला एका सीएनसीवर उभा केला. कास्टिंग चकमध्ये लाव, दार ओढ, हिरवं बटण दाब, जॉब काढ, गो-नोगो गेज घालून बघ. पुन्हा कास्टिंग. हात इतका बसला होता की सायकल टाइममध्ये कधी मागे पडायचा नाही, आणि म्हणूनच त्याला तिथून हलवणं माझ्या जिवावर यायचं. त्याची कामाची वही सुपरवायझर महिनाअखेरीला एका बैठकीत भरून टाकायचा: टेपर टर्निंग, थ्रेड कटिंग, सगळं यथासांग. खाली माझी सही.

अप्रेंटिसशिपच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला साध्या लेथवर आटे पाडायचे आले. मुलगा नापास. आयटीआयतून निघताना जे त्याला येत होतं, ते माझ्याकडे येऊन गेलं.

त्याचे निदेशक शॉपवर आले. आवाज चढवला नाही. वही चाळत म्हणाले, “साहेब, यात लेथवरची कामं लिहिलीत. लेथ कुठाय?” लेथ होता, मेंटेनन्सच्या कोपऱ्यात. बेडवर रंगाचे डबे रचलेले.

याच निदेशकांनी पूर्वी एकदा सुचवलं होतं, की संध्याकाळी आमचं मशिन रिकामं असतं, तुमच्या जुन्या टर्नरना पाठवा, सीएनसी शिकतील. माझ्याकडे पन्नाशीचा एक टर्नर होता. टूलला नुसत्या नजरेनं अँगल लावायचा, पण स्क्रीन दिसली की हात मागे. मी निदेशकांना विचारलं, त्या तासांचा ओव्हरटाइम कोण देणार? पुढे साध्या लेथचं काम संपलं तसं त्याला स्टोअरला बसवलं. इतकी वर्षं कमावलेला हात गॅसकेट आणि बोल्ट मोजत होता, आणि मी सभेत कुशल कामगार मिळत नाहीत म्हणून भाषणं देत होतो.

आता डबे हलवलेत. तो टर्नर दुपारी अप्रेंटिसना आटे पाडायला शिकवतो. शिव्या फार देतो, पण पोरं टिकून आहेत. सीएनसीच्या क्लासचं काढलं की मात्र म्हणतो, “पोरांशेजारी बाकावर न्हाई बसणार मी.” धार शिल्लक असलेले इन्सर्ट निवडून आयटीआयला जातात. अप्रेंटिस दर तिमाहीला मशिन बदलतात. नव्या हाताला वेळ लागतो, रिजेक्शन वाढतं, आणि मागच्या बदलीत पुण्याच्या गिऱ्हाइकाचा डिस्पॅच अडकला. त्यांच्या परचेसवाल्याचा फोन आला तेव्हा मी स्पिंडल बिघडल्याचं सांगितलं.