सुधारणेस वाव

आपल्याकडे स्वतःची स्तुती स्वतः करणं वाईट समजतात. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगायला घेतली, तेव्हा आपली स्तुती आपणच करणारा माणूस त्या यादीतून सुटला नाही. हा संस्कार आपल्या घरात इतका मुरलेला आहे की पाहुण्याने "भाजी छान झालीय" म्हटलं, तरी घरची बाई "मीठ जरा जास्तच पडलंय" असं म्हणून ती स्तुती त्याच पावली परत पाठवते. अशा घरात वाढलेल्या माणसाच्या हातात शाळेने वर्षअखेरीला स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म ठेवावा आणि 'आपली बलस्थाने' या मथळ्याखाली चार ओळी आखून द्याव्यात, हा शुद्ध छळ आहे. त्याखाली आणखी चार ओळी असतात. त्यांचा मथळा 'सुधारणेस वाव असलेल्या बाबी'. पूर्वी यालाच दोष म्हणत. पण दोष म्हटलं की मान खाली जाते, आणि वाव म्हटलं की तीच गोष्ट गावाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटसारखी वाटायला लागते. आज नुसतं गवत आहे, उद्या बंगला उठेल!

मला हा फॉर्म भरायचा होता इंग्रजीची नवी शिक्षिका म्हणून. तालुक्याच्या गावातली मराठी माध्यमाची शाळा, आठवीच्या दोन तुकड्या आणि नोकरीचं पहिलंच वर्ष. मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्याचा एक फायदा मात्र रुजू झाल्याबरोबर मिळतो. मराठी शिकवणाऱ्या त्या 'बाई', गणित शिकवणाऱ्या त्याही 'बाई'. इंग्रजीची मात्र पहिल्या तासालाच 'मॅडम' होते. पगारात एका रुपयाचा फरक पडत नाही, पण पदर आपोआप नीट घेतला जातो.

या मॅडमपणाची किंमत पुढे हळूहळू कळते. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलाची आणि इंग्रजीची पहिली गाठ पाचवीत पडायची. म्हणजे माझ्या आठवीतल्या मुलांची या भाषेशी सात वर्षांची ओळख होती. पण ती समोरच्या बिऱ्हाडाशी असते तशी. रोज दिसतं, नाव माहीत आहे, बोलणं नाही. आणि गावातल्या आईबापांना तर ती बोललेली हवीत. नाही बोलली, तर रस्त्यापलीकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस उभीच आहे. तिकडे चार मुलं गेली की आमचा पट घसरतो, पट घसरला की तुकडी जाते आणि तुकडी गेली की कोणीतरी शिक्षक 'अतिरिक्त' ठरून दुसऱ्या गावाला जातो. म्हणजे मराठीच्या शाळेचा जीव अडकलेला असतो तो इंग्रजीच्या तासात. आमच्या मराठीच्या बाईंच्या निवृत्तीला सहा वर्षं होती. रोज मधल्या सुट्टीत चहाचा कप माझ्यापुढे सरकवत त्या विचारायच्या, "काय मॅडम, पोरं बोलायला लागली का?" मृग कोरडा चाललेला शेतकरी आभाळाबद्दल ज्या आवाजात विचारतो, त्या आवाजात.

आता बलस्थानं. माझ्याकडे इंग्रजी साहित्याची एम.ए.ची पदवी होती आणि शेक्सपिअरच्या चार शोकांतिका मी टिपणांसकट वाचल्या होत्या. पण आठवीचा वर्ग ही पाचवी असते आणि तिच्यावर टिपणं मिळत नाहीत. 'अंकल' हा शब्द शिकवला त्या दिवसाचीच गोष्ट. काका म्हणजे अंकल, मामा म्हणजे अंकल, मावशीचे यजमान अंकल, आत्याचे यजमानही अंकलच, असं मी सांगितल्यावर वर्गात कोणाच्या घरी काही झाल्यासारखी शांतता पसरली. मग एका मुलीने हात वर केला. "मॅडम, मग सुट्टीत मामाच्या गावाला जायचं ते अंकलच्या गावाला जायचं का?" मागून कोणीतरी विचारलं, "कुठल्या अंकलच्या?" मामाचं एवढं मोठं गाव एका शब्दात नकाशावरून पुसलं गेलं.

'वी' शब्दाने तर भांडणच लावलं. 'वी आर गोइंग टु महाबळेश्वर' असं वाक्य फळ्यावर लिहिलं. लगेच प्रश्न आला, "मॅडम, यात मी आहे का नाही?" प्रश्न बिनतोड होता. मराठीत 'आपण' जाणार म्हटलं तर ऐकणाऱ्यानेही पिशवी भरायची असते आणि 'आम्ही' जाणार म्हटलं तर त्याने घरी बसायचं असतं. इंग्रजीत हा खुलासाच नाही. निम्म्या जगावर अंमल करणाऱ्या लोकांना 'आपण'ची गरज कशी पडली नाही, याचं नवल वाटायचं. अंमल करायला बहुधा 'आम्ही' एवढंच पुरत असावं.

तरी हे काहीच नाही. खरी गंमत निबंधात यायची. एका मुलाने थंडीच्या सकाळचं वर्णन करताना लिहिलं होतं, 'टु मी कोल्ड इज रिंगिंग'. एखाद्या परक्या तपासनिसाने या वाक्यावर लाल रेघ मारून पान उलटलं असतं. मला मात्र त्या पाच शब्दांच्या आड उभा असलेला अख्खा मराठी मुलगा दिसत होता. आपल्याला थंडी वाजते, भूक लागते, राग येतो, भीती वाटते. यातलं आपण स्वतःहून काहीही करत नाही. भूक येऊन लागते, राग कुठूनतरी येतो आणि बराच वेळ बसतो. आपण नुसते घरात असतो. इंग्रज मात्र ही सगळी जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतो. तो 'आय ॲम कोल्ड' म्हणतो, 'आय ॲम हंग्री' म्हणतो. राग त्याला येत नाही, तो स्वतःच रागीट होऊन बसतो. हे असं समजावून सांगितल्यावर वर्ग हसला, आणि त्यानंतर थंडी फारशी रिंगली नाही. बी.एड.ला आम्हाला बजावून सांगितलं होतं की इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द काढायचा नाही. मी तसंही करून पाहिलं होतं. पूर्ण तास इंग्रजीत बोलले की वर्ग सत्यनारायणाला बसल्यासारखा हात जोडून बसायचा. मंत्र एकही कळत नाही, पण शेवटी प्रसाद मिळणार याची खात्री!

म्हणून बलस्थानांच्या पहिल्या ओळीवर मी लिहिलं, 'मराठी चांगले येते.' मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "मॅडम, हा फॉर्म मराठीच्या बाईंचा तर नव्हे?" पण आपल्या पिढ्यान्पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग घोकून इंग्रजी शिकल्या, त्या काय मराठीला घराबाहेर उभं करून? उलट ज्याच्या तोंडात मराठीतला 'जहाज'मधला दंततालव्य 'ज' आहे, त्याला 'झू' म्हणायला शिकवावं लागत नाही. अडतं ते दुसरीकडे. दारूची वाइन आणि द्राक्षाच्या वेलाची वाइन यांचे उच्चार इंग्रजीत वेगळे आहेत. कसे वेगळे, ते मी इथे लिहूनसुद्धा दाखवू शकत नाही, कारण देवनागरीत दोन्ही 'वाइन'च. वेलावरून थेट पेल्यात. नाशिककडच्या लोकांना याची सवय असेल.

खालच्या चार ओळी मात्र जड गेल्या. सुधारणेस वाव कुठे आहे, ते मला खिडकीजवळच्या शेवटच्या बाकाने दाखवलं. तिथे बसणाऱ्या मुलाच्या वडिलांची एस.टी. स्टँडसमोर रसवंती होती. शाळा सुटली की हा तिथे. घुंगरांच्या तालावर "या काका, लिंबू टाकू? बर्फ कमी करू?" असं चार माणसांशी एकदम बोलायचा, आणि पाचव्याचे सुटे पैसे न मोजता परत करायचा. वर्गात मात्र इंग्रजीच्या तासाला त्याची वाचा जायची. जूनपासून दिवाळीपर्यंत मी त्याच्या तोंडून 'प्रेझेंट मॅडम' याखेरीज एक शब्द ऐकला नव्हता, आणि तोही हजेरी लागावी म्हणून.

मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला होता. त्यांना आढळलं की शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त बोलतात, जास्त मोठी उत्तरं देतात. दोन सेकंदांचा तर प्रश्न! पण मराठी माणसाला दोन सेकंद म्हणजे युग आहे. आपल्या घरात तीन सेकंद कोणी बोललं नाही तर "काय झालं? रागावलात का?" असं विचारतात. त्यात मी शिक्षिका. गप्प बसण्याचा पगार मला कोण देणार?

आणि वेळ मुलाला खरंच लागतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. कोणी, कोणाला, कुठे, केव्हा हे सगळे वऱ्हाडी आधी मांडवात बसतात आणि मग सावकाश अक्षता पडतात. इंग्रजीत कर्ता उभा राहिला रे राहिला की क्रियापद लगेच हवं, म्हणजे वऱ्हाड जमायच्या आतच लग्न. डोक्यात अख्खा मांडव उलटा फिरवायचा, तोवर मॅडमनी पुढच्या बाकाला विचारलेलं असतं.

दिवाळीनंतर एकदा मी त्या बाकाला विचारलं, "व्हॉट डिड यू डू यस्टर्डे?" तो उभा राहिला. तीन सेकंद गेले. दहा गेले. पुढची हुशार मुलं उत्तरं पुरवायला लागली, त्यांना मी हाताने थांबवलं. बाहेर शिपाईमामा व्हरांडा झाडत होते, त्या झाडूचा आवाज वर्गात येत होता. मुलाचे ओठ हलत होते. आत मांडव फिरत होता. शेवटी तो म्हणाला, "आय… सोल्ड… रस." आणि मग, गिऱ्हाईक बघून उसाचं एक कांडं जास्त घालावं तसं, "फॉर्टी ग्लास!"

'ग्लासेस' हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. तो मी गिळला. ग्लासचं अनेकवचन उद्या करता येतं. त्या पोराचं तोंड पुन्हा कधी उघडेल याची हमी नसते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मराठीच्या बाईंना मी 'फॉर्टी ग्लास'ची बातमी दिली. त्यांनी मला त्यांच्या डब्यातली करंजी दिली. खालच्या चार ओळींपैकी एकीवर मी लिहिलं, 'गप्प बसणे.' उरलेल्या तीन मोकळ्याच सोडल्या, म्हणजे लिहिलं होतं तसंच वागले.

मे महिन्यात प्रगतिपत्रकं वाटली. त्या मुलाच्या इंग्रजीपुढे शेऱ्याच्या चौकटीत मी लिहिलं होतं, 'सुधारणेस वाव आहे.' त्याने ते पत्रक नीट वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात, दोन्ही भुवया उंच करून म्हणाला, "मॅडम, सुधारणेस… वाव!"

वर्ग फुटला. मला मात्र हसायला तीन सेकंद लागले. इंग्रजीतला उद्गार त्याने माझ्याच मराठी शेऱ्यात बेमालूम बसवला होता. ज्या भाषेची मुलाला धास्ती वाटते, त्या भाषेत त्याला कोटी सुचत नाही. घुंगरांच्या तालावर बोलणारा तो मुलगा पहिल्यांदाच माझ्या वर्गात आला होता.