ओल

खेड सोडून एसटी चढणीला लागली, तसा खिडकीबाहेरचा हिरवा रंग गडद होत गेला. आधी नुकत्या लावलेल्या भाताचा पोपटी, मग सागाचा, मग आंब्याकाजूंचा काळपट, आणि शेवटी ढगच रस्त्यावर उतरून आला तेव्हा रंग म्हणून काही उरलंच नाही, उरली ती नुसती ओल. काच नीट बसत नव्हती. फटीतून येणारा पाऊस कोपराला लागत होता आणि मला कोपर आत घ्यावंसं वाटत नव्हतं.

दापोली आली.

आषाढ सरत आला होता. तीन दिवसांसाठी आले होते, एकटीच. पुढच्या मार्चमध्ये माझी नोकरी संपते. ३५ वर्षं डोंबिवलीची सकाळची लोकल पकडणाऱ्या पायांना त्यानंतर कुठे न्यायचं, हा प्रश्न गेले काही महिने आमच्या घरात चहाच्या कपांमध्ये बसून असतो. "तू आधी बघून ये," हे म्हणाले होते, "तुझं मन लागलं तर माझंही लागेल." घर बघायला गेलं की माणसं नळ सोडून बघतात, भिंतीवरून हात फिरवतात, खिडकी उघडून वारा कुठून येतो ते विचारतात. पण गावाला हात कुठे लावून बघायचा?

मी नुसती चालत राहिले. आझाद मैदानाच्या कडेनं, केळसकर नाक्यावरून, पुन्हा मैदानाकडे. जांभ्याच्या गडग्यांवर शेवाळ इतकं दाट, की तळवा टेकला तर त्याचा ठसा थोडा वेळ तिथेच राहायचा आणि मग हळूच भरून यायचा, जणू कुणी हात लावलाच नव्हता. समुद्र जवळ, तरी दिसत नाही; गाव सुमारे ८०० फुटांवर बसलेलं, आणि संध्याकाळी वारा फिरला की खारटपणाची एक पुसट रेघ तेवढी वर चढून येते. इंग्रजांच्या फौजेची छावणी इथे होती, म्हणून हे कॅम्प दापोली. छावणी म्हणजे मुक्कामापुरतं वसलेलं गाव. या जमिनीला माणसांनी येण्याची आणि उठून जाण्याची सवय तेव्हापासूनचीच असावी.

शिकायला येऊन निघून जाणाऱ्यांचीही. पालगडचा श्याम इथल्या मिशनच्या शाळेत शिकला, पुढे साऱ्या महाराष्ट्राचा साने गुरुजी झाला. पांडुरंग वामन काणे याच गावात शिकले आणि मुंबईत बसून त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. खाली किनाऱ्यावरच्या मुरुडचा धोंडो केशव कर्वे नावाचा मुलगा परीक्षेसाठी डोंगर ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेला, आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. त्या परतीच्या वाटेचा मी कितीदा विचार केला आहे. पुढे कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं, काण्यांना १९६३ साली. पण मला दिसतो तो घाटातून मागे फिरलेला मुलगा, आणि त्याला काहीही न विचारता पुन्हा आत घेणारं त्याचं गाव.

आता शिकायला मुलं लांबून येतात. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ इथे १९७२ पासून उभं आहे, आणि तेव्हापासून दर वर्षी अठरा वर्षांची एक लाट या टेकडीवर येते, बावीसची होऊन ओसरते, तिच्या मागे दुसरी. चहाच्या टपरीवर मी बाकड्याच्या टोकाला बसले होते. शेजारी एक मुलगा, पायांत प्लास्टिकच्या चपला, गुडघ्यापर्यंत चिखल, फोनवर आईशी बोलत होता. "आय, हितं कपडेच वाळंनात बघ." पलीकडून आई बहुधा काहीतरी विचारत होती, कारण तो जरा थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "न्हाई, तसा बरा हाय पाऊस. तिकडं पडला का?"

तिकडं पडला का.

केवढं कोरडं आभाळ त्या तीन शब्दांत होतं. जिथे त्याची आई फोन कानाला लावून उभी असेल तिथे जमीन भेगाळलेली असेल, आणि तिच्या लेकाचे कपडे पावसानं वाळत नाहीत हे ऐकून तिला सुखच वाटलं असेल. टपरीवाल्यानं न विचारता त्याच्यापुढे दुसरा चहा ठेवला. टपरीवाल्याचे केस पिकलेले होते. समोरचं गिऱ्हाईक मात्र दर वर्षी विशीतलंच. वाटलं, हे असं गाव आहे जिथे फक्त राहणारी माणसं म्हातारी होतात, गाव होत नाही. मी इथे आले तर रोज संध्याकाळी याच बाकड्यावर बसेन, शेजारची मुलं कायम याच वयाची असतील, आणि माझं वय एकटंच पुढे चालत जाईल. या विचारानं आधी पोटात कालवलं. मग चहाचा घोट घेतला. आलं जास्त पडलं होतं, घसा शेकत खाली उतरलं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत गेले. कलमं घ्यायला आलेली माणसं छत्र्या सांभाळत चिखलातून फिरत होती. एका छपराखाली बायका पोत्यांवर बसून कोय कलमं बांधत होत्या. मी त्यांच्यातल्या एकीजवळ उकिडवी बसले. तिच्या डाव्या हाताला रोपांचा ढीग होता. पंधरा दिवसांची आंब्याची रोपं, पानं अजून तांब्याच्या रंगाची, मऊ, आणि प्रत्येकाच्या बुडाशी ज्या कोयीतून ते उगवलं ती कोय अजून लोंबत होती. तिनं एक रोप उचललं. शेंडा उडवला. उरलेल्या दांड्याला मधोमध चीर दिली, हापूसच्या काडीला दोन बाजूंनी तासून पाचर केली, चिरेत सरकवली, आणि प्लास्टिकची पट्टी खालून वर गुंडाळत नेऊन गाठ मारली. इतक्या हलक्या हातानं, की वेणी घालावी तशी.

"ही काडी बोडकी का?" मी विचारलं.

"पानं आधीच काढायची, ताई. झाडावर असतानाच. आठ-दहा दिस आधी. मग डोळं फुगतात."

"आणि सगळी धरतात?"

"सगळी नाय धरत." ती हसली. "म्हणून तर जास्त बांधायची."

झाडावर असतानाच. मला डोंबिवलीतलं कपाट आठवलं, ज्यातल्या साड्या मी गेल्या दिवाळीपासून एकेक करून देऊन टाकते आहे, कशासाठी ते कुणाला न सांगता. डोळे फुगायला लागले होते तर. मला वाटलं, आपण ही काडी आहोत. तोडून, तासून, परक्या दांड्यात बसवायची, आणि मग धरते की नाही याची वाट बघायची.

पण नजर काडीवरून सारखी खाली घसरत होती, त्या लोंबणाऱ्या कोयीकडे. ती हापूसची नव्हती. रायवळाची होती. ज्याला नाव नाही, पेटी नाही, बाजारात भाव नाही, अशा कुठल्याशा आंब्याची, रस काढून झाल्यावर टाकलेली. एरवी लक्षात येत नाही, पण कोकणाला ज्याचा एवढा अभिमान तो हापूस कलमावर वाढतो, म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या मुळांवर उभा असतो. इथल्याच शास्त्रज्ञांनी नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना केला, मग रत्ना आणि हापूसमधून अगदी पातळ कोयीचा सिंधू. त्यांनाही जमिनीतलं पाणी वर पोचवतो तो रायवळच. वर नाव बदलतं, मोहर येतो, फळ दूरदेशी जातं; खाली अंधारात एक बिननावाचं मूळ पाणी शोधत राहतं. हा टपरीवाला. खानावळीत पोळ्या लाटणारी बाई. पावसाळ्यात मुलांचे कपडे आपल्या पडवीत वाळत घालू देणारी घरं.

माझ्या आईनं एकदा आमच्या गॅलरीत तेलाच्या डब्यात कोय पुरली होती. खाऊन झालेल्या आंब्याची, सहज. पंधरवड्यानं तिला असंच तांबूस पान फुटलं, आणि आई रोज सकाळी चहा घेऊन त्याच्याशेजारी उभी राहायची. त्या झाडाला कधी आंबा लागला नाही, पण त्याची सावली आमच्या कपड्यांच्या दोरीवर पडायची. कोयीला कुणी विचारत नाही कुठे रुजशील म्हणून. रस देऊन झालेला असतो. आता ती मोकळी असते.

पाऊस छपरावर कोसळत होता. मी किती वेळ तिथे बसले होते कोण जाणे. उठले तेव्हा गुडघे आखडले होते, आणि त्या बाईनं मान वर न करता हात पुढे केला, मी तो धरून उभी राहिले. तिच्या बोटांना आंब्याच्या चिकाचा वास होता.

निघायच्या दिवशी खोलीतल्या दोरीवर माझी साडी तशीच होती, तीन दिवस, दमट, गार. घडी घालून पिशवीत ठेवली. परतीच्या वाटेवर घाट उतरताना कानांना दडे बसले, मग ते मोकळे झाले, ढग वर राहिला, भाताचा पोपटी रंग पुन्हा दिसू लागला.

रात्री डोंबिवलीला दार उघडलं. यांनी पंखा लावला, पाणी दिलं, समोर बसले. "कसं आहे गाव?"

मी पिशवी उघडली. सगळ्या खोलीत पाऊस, जांभा, चीक आणि चुलीचा धूर दरवळला.

ओली साडी मी त्यांच्या हातात दिली.