इशारा आमचा होता

शाळेत बेसबॉलचा सराव सुरू केला तेव्हा पालक विचारायचे, "सर, क्रिकेट सोडून हे काय नवीन काढलंत?" आम्ही दोघे शिक्षक, एक खेळाचा आणि दुसरा उर्दू-मराठीचा. शाळा सुटल्यावर मैदानावर चुन्याने रेघा मारायच्या, चार कोपऱ्यांत चार बेस ठेवायचे आणि मगरिबच्या आधी मुलांना घरी सोडायचे, असा आमचा क्रम. शालेय क्रीडा स्पर्धांत हा खेळ असतो हे कळल्यावर पालकांची कुरकुर थांबली. पोरं दमून येतात आणि लवकर झोपतात, हे तर मुलांच्या अम्मींनाही पटलं.

फटका मारणं, चेंडू अडवणं, झेल घेणं हे मुलांना क्रिकेटमुळे ठाऊक होतं. अडचण आली ती धावण्यात. इथे फटका मारून पहिला, दुसरा, तिसरा बेस असं करत होम प्लेटवर परत यायचं, तेव्हा कुठे एक धाव मिळते. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधलं अंतर 90 फूट असतं, लहानांच्या मैदानावर 60 फूटही असतं. अंतर थोडं, म्हणून मुलांना वाटतं की जोरात पळणारा जिंकला. आमचा सर्वांत वेगवान मुलगा पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त वेळा आउट झाला.

मग आम्ही वेग बाजूला ठेवून समज शिकवायला लागलो. पहिल्या बेसवर पाय लावून सरळ पुढे पळत गेलं तरी चालतं, म्हणून तिथे वेग कमी करायचा नाही आणि उडीही मारायची नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर मात्र पुढे घसरलात तर आउट. दोन बेस घ्यायचे असतील तर थोडं बाहेरून वळण घ्यायचं आणि बेसच्या आतल्या कोपऱ्याला पाय लावायचा. चेंडू हवेत उडाला आणि दोन गडी बाद झालेले नसतील, तर थांबून पाहायचं. झेल घेतला गेला तर आपल्या बेसला पाय लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोन गडी बाद असतील तर फटका बसताच निघायचं.

आणि एक नियम आम्ही फळ्यावर लिहून ठेवला होता. चेंडू तुमच्यासमोर असेल तर निर्णय तुमचा. चेंडू तुमच्या पाठीमागे गेला असेल तर मागे वळून पाहू नका, तिसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या सरांकडे पाहा. सरांनी हात गोल फिरवला तर पळा, दोन्ही तळवे दाखवले तर थांबा.

पुढे एका आंतरशालेय सामन्यात शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो. एक गडी बाद, दुसऱ्या बेसवर आठवीतला एक शांत मुलगा. फटका उजवीकडे लांब गेला. मुलगा तिसऱ्या बेसकडे धावला, चेंडू त्याच्या पाठीमागे. त्याने आमच्याकडे पाहिलं. आमच्यापैकी एकाने हात फिरवला आणि दुसरा बाकावरून "भाग, भाग" ओरडला. क्षेत्ररक्षकाने चेंडू आधीच उचलला होता, ते आम्हाला दिसायला हवं होतं. मुलगा होम प्लेटपासून सात-आठ पावलं दूर असतानाच चेंडू कॅचरच्या हातात आला. तो तिसऱ्या बेसवर थांबला असता तर अजून एक गडी बाद होण्याची सवड आमच्याकडे होती. पुढचा फटका झेलला गेला आणि सामना संपला.

परतताना गाडीत मुलं त्यालाच बोलत होती. एका मुलाचे चाचा म्हणाले, "थोडं डोकं वापरायचं बेटा." तो खिडकीकडे तोंड करून एवढंच म्हणाला, "मी उशिरा निघालो." आम्ही दोघांनी ते ऐकलं आणि गप्प बसलो. तो उशिरा निघाला नव्हता. चेंडू त्याच्या पाठीमागे होता, निर्णय आमचा होता, आणि ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

त्या रात्री आम्हाला फ्रेड मर्कलची गोष्ट आठवली. 23 सप्टेंबर 1908 रोजी न्यूयॉर्कमध्ये जायंट्स आणि शिकागो कब्स यांचा सामना 1-1 असा बरोबरीत होता. शेवटच्या फटक्यावर तिसऱ्या बेसवरचा खेळाडू घरी आला, प्रेक्षक मैदानात धावले, आणि पहिल्या बेसवरचा 19 वर्षांचा मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच माघारी वळला. त्या काळी असं करणारे पुष्कळ होते. पण कब्सनी चेंडू दुसऱ्या बेसला लावला आणि पंचांनी मर्कलला आउट दिलं. विजयाची धाव रद्द झाली, सामना पुन्हा खेळवावा लागला, तो कब्सनी जिंकला आणि लीगचं विजेतेपदही त्यांच्याकडे गेलं. अख्ख्या मोसमाचा दोष एका पोराच्या माथी बसला आणि 'मठ्ठ' हे बिरूद त्याला जन्मभर चिकटलं. त्याचे प्रशिक्षक जॉन मॅग्रॉ मात्र त्याच्या पाठीशी उभे राहिले. आमच्या मुलाने तर एकही बेस चुकवला नव्हता, आणि आम्ही तेवढंही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरावाआधी सगळ्यांना फळ्यासमोर बसवलं. नियम वाचून दाखवला आणि विचारलं, "चेंडू कुठे होता?" कोणीतरी हळूच म्हणालं, "पाठीमागे." "मग निर्णय कोणाचा?" यावर कोणी बोलेना. आम्हीच म्हणालो, "आमचा. इशारा चुकला आणि काल गाडीत आम्ही बोललो नाही, ही त्याहून मोठी चूक. बेटा, माफ कर." तो मान खाली घालून बसला होता. त्याने नुसती मान हलवली. ते चाचा भेटले तेव्हा त्यांनाही आम्ही हेच सांगितलं.

त्यानंतर सरावाची पद्धत बदलली. प्रत्येक चेंडूआधी बेसवरचा मुलगा मोठ्याने सांगतो: किती आउट, चेंडू कुठे गेला तर काय करणार, कोणत्या क्षेत्ररक्षकाचा हात जोरदार. चुकला तरी आम्ही मध्ये बोलत नाही. निदान तसं ठरवलं आहे. ओरडायची सवय लवकर सुटत नाही.

परवाच सरावात तो दुसऱ्या बेसवर होता, पहिला बेस रिकामा. जमिनीलगतचा फटका दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये गेला, थेट त्याच्यासमोर. आम्ही दोघे सवयीने ओरडलो, "पळ!" तो हलला नाही. क्षेत्ररक्षकाने चेंडू उचलून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पहिल्या बेसकडे फेकला. चेंडू हातातून सुटला त्याच क्षणी हा निघाला आणि आरामात तिसऱ्या बेसवर पोचला.

आम्ही जवळ गेलो तर कपड्यांवरची धूळ झटकत म्हणाला, "सर, चेंडू माझ्यासमोर होता."